लेपाखालचा पत्रा

मोटारीच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून त्यावर जे काही फवारले, फासले किंवा चोपडले जाते, त्या सर्वांस गंजरोधक लेप ही संज्ञा लावता येते, आणि या लेपांचे दोन वर्ग सहज वेगळे काढता येतात: एक कारखान्यात लागलेला, ज्याचा मालकाला पत्ताही नसतो, आणि दुसरा शोरूममध्ये लावून घेतलेला, ज्याची पावती मालक आरसी बुकाच्या पाकिटात जपून ठेवतो. या दुसऱ्या वर्गाची माहिती देणारी पत्रके लेप लावण्यापाशी येऊन थांबतात. तो लेप पुढे कधीतरी काढावा लागतो, काढताना खाली काय सापडते आणि जे सापडते ते पाहून मालक कोणता निर्णय घेतो, हा भाग पत्रकांच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः विषयाची गोडी तेथूनच सुरू होते.

गंज म्हणजे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साईड. खनिजातून लोखंड काढताना भट्टीत त्याच्याकडून प्राणवायू बळजबरीने सोडवून घेतलेला असतो, आणि पुढे आयुष्यभर ते लोखंड आपला प्राणवायू परत मिळवण्याच्या संधीवर टपून बसलेले असते. थोडे पाणी आणि उघडी हवा एवढ्यावर त्याचे भागते. ओल्या पत्र्याचा एक भाग धनाग्र बनतो, म्हणजे तेथून लोहाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात, आणि शेजारचा भाग ऋणाग्र बनून तेच इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या हवाली करतो. या अर्थाने प्रत्येक ओली मोटार ही एक विद्युतघटच असते, फक्त त्यावर दिवा लागत नाही. पाण्यात मीठ असेल तर हा व्यवहार झपाट्याने होतो, कारण खारे पाणी वीज अधिक सुलभतेने वाहू देते. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे पाऊस थांबला तरी गंजाचे काम चालूच राहते. ॲल्युमिनियमचे ऑक्साईड निदान आपल्या धातूला घट्ट बिलगून त्याचे रक्षण तरी करते. लोखंडाच्या गंजाकडे तेवढीही निष्ठा नसते, तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा अडवतो, वरचा रंग फुगवतो, पापुद्रे होऊन गळतो आणि खालचे ताजे लोखंड हवेसाठी मोकळे करून देतो. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे तेथे गंज सरकारी खर्चाने येतो. कोकणपट्टीत मीठ समुद्राकडून विनामूल्य मिळते आणि त्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊसही मिळतो.

या संकटावरचे उपाय मुळात दोनच आहेत. पहिला अडसराचा, म्हणजे धातू आणि हवा यांच्यामध्ये काहीतरी आणून बसवायचे, जसा बरणीतल्या लोणच्यावर तेलाचा थर राखतात. आणि दुसरा बळीचा, म्हणजे लोखंडाच्या संगतीला त्याच्याहून लवकर झिजणारा धातू, बहुधा जस्त, द्यायचा, जेणेकरून ओरखडा पडला तरी आधी जस्त खर्ची पडेल. या दुसऱ्या उपायाचा पहिला मोठा प्रयोग मोटारींच्या कितीतरी आधी जहाजांवर झाला. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राचे पाणी ते खाऊन टाकी. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी त्या तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला आणि तांब्याची झीज खरोखरच थांबली. मात्र तांबे थोडेथोडे विरघळत होते म्हणूनच शंखशिंपले आणि शेवाळ तळापासून दूर राहत होते, ही गोष्ट झीज थांबल्यावर उघडकीस आली. सुरक्षित झालेल्या तांब्यावर समुद्रातील जीवांनी निर्धास्तपणे वसाहत केली आणि जहाजे मंदावली. सिद्धान्त जिंकला आणि ते तुकडे काढून टाकावे लागले. संरक्षण लावण्याइतकाच ते काढण्याचाही विचार करावा लागतो हे नौदलाला काही वर्षांत उमगले. मोटारीच्या बाबतीत ते उमगायला साधारणपणे दुसरा मालक यावा लागतो.

अडसराच्या उपायाशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे, पण ती रसायनशास्त्राच्या तासाला होत नाही. गावोगावच्या मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साईड, आणि हेच द्रव्य जवसाच्या तेलात कालवून जहाजे, पूल आणि रेल्वेचे सांगाडे यांच्या लोखंडाला पहिला हात म्हणून दीर्घकाळ दिले जाई; शिसे विषारी असल्यामुळे पुढे इतर रंगांनी त्याची जागा घेतली. (१९८३ च्या डिसेंबरात जी मारुती रस्त्यावर आली, तिच्या नशिबी शेंदूर नव्हता.) देवस्थानांत थरावर थर चढत जातात, आणि ते उतरवण्याचे काम किती गांभीर्याने करावयाचे असते याचा प्रत्यय वणीच्या सप्तशृंगगडावर २०२२ साली आला, जेव्हा देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर जाणकारांच्या देखरेखीखाली काढण्यात आले आणि त्यासाठी गाभाऱ्यातील दर्शन कित्येक दिवस बंद ठेवले गेले. मोटारीच्या तळाचा लेप काढण्याचे काम मात्र गॅरेजमधल्या सर्वांत नव्या पोराकडे जाते, आणि त्याच्या हातात धार गेलेला स्क्रू-ड्रायव्हर दिला जातो.

कारखान्यातला लेप हा या विषयातला सर्वांत कमी विनोदी भाग असल्यामुळे तो लवकर आटोपता येईल. चांगल्या मोटारीत निदान महत्त्वाच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतात; संपूर्ण सांगाडाच जस्ताळलेल्या पत्र्याचा करण्याची वाट पोर्शेने १९७० च्या दशकात आणि ऑडीने १९८० च्या दशकात रुळवली. जोडलेला सांगाडा प्रथम फॉस्फेटच्या द्रावणातून जातो, ज्यामुळे रंगाला पकड मिळते, आणि मग तो पाण्यात मिसळलेल्या राळयुक्त रंगाच्या मोठ्या हौदात पूर्ण बुडवून त्यातून वीज सोडतात. रंगाचे कण विजेच्या ओढीने कोपऱ्याकोपऱ्यांत आणि पोकळ भागांच्या आतही जाऊन बसतात, आणि त्यांचा सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा थर भट्टीत भाजून पक्का केला जातो. त्यावर आणखी रंग चढतात, सांध्यांवर आणि तळाच्या मोक्याच्या जागी पीव्हीसीचे सील बसते. हे सर्व यंत्रमानव करतात आणि ते करताना कोणालाही चहा लागत नाही.

एवढे होऊन मोटार शोरूममध्ये येते, आणि तिला गंज लागणार अशी कुणकुण तेथे प्रथमच कोणाला तरी लागते. ही कुणकुण लागण्याचा मुहूर्त ठरलेला असतो: किंमत पक्की झालेली, कर्ज मंजूर झालेले, रंगावरून घरात झालेला वाद मिटलेला, आणि विमा, फास्टॅग व मॅट यांच्या यादीत आणखी काही हजारांची एक ओळ कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही अशी वेळ. दहा मिनिटांपूर्वी याच मोटारीच्या पत्र्याच्या दणकटपणाची ग्वाही देणारा विक्रेता आवाज किंचित खाली आणून “सर, आपल्याकडचं वातावरण बघता अँटी-रस्ट करून घेतलेलं बरं” असे सांगतो. हे ‘आपल्याकडचे वातावरण’ रत्नागिरीत खारट, सोलापुरात कोरडे आणि नागपुरात तापलेले असते, परंतु त्यावरचा उतारा तिन्हीकडे एकच निघतो, ही औषधशास्त्रात सहसा न आढळणारी गोष्ट आहे. ग्राहकाला या क्षणी नकार देणे शक्य असते, पण नकार दिला आणि आठ वर्षांनी खरोखरच पत्रा सडला तर घरात ते वाक्य किती वेळा ऐकावे लागेल याचा हिशेब तो मनात करतो आणि सही करतो. त्याने विकत घेतलेली वस्तू डांबर, रबर किंवा मेण यांचे मिश्रण असते. तिच्यातून त्याला लाभणारी गोष्ट म्हणजे पुढील काही वर्षे मोटारीखाली न वाकण्याचा परवाना.

लेपांची भूक एकाने भागत नाही. तळाला काळा लेप लागला की वरच्या रंगाची काळजी सुरू होते, आणि त्यासाठी ‘टेफ्लॉन’ सुचवले जाते. खरे टेफ्लॉन धातूवर पक्के बसवायला साडेतीनशे अंशांच्या वर तापवावे लागते, आणि तेवढ्या उष्णतेत मोटारीचा रंगच शिल्लक राहणार नाही, त्यामुळे या नावाखाली जे लागते ते बहुधा चांगल्यापैकी पॉलिश असते. टेफ्लॉनवर मात करायला सिरॅमिक आले, म्हणजे सिलिकायुक्त द्रवाचा कडक होणारा अतिपातळ थर. सिरॅमिकच्या वरताण पारदर्शक फिल्म आली, जी उडालेल्या दगडांनी रंगाला टवके पडू नयेत म्हणून चिकटवतात. या सर्वांवर शेवटी कापडी कव्हर चढते, जे वाऱ्याने हलून खालच्या धुळीचा पॉलिश पेपर करते आणि पावसात भिजले की ओल आत कोंडून धरते. ज्या रंगाच्या रक्षणार्थ हे सर्व झाले, तो रंग सोसायटीच्या वॉचमनलाही क्वचितच दिसतो.

प्रत्यक्ष लेपनाचा विधी रॅम्पवर होतो. पत्रकातील चित्रात मोटारीचा तळ धुऊन कोरडा केलेला, ब्रेक आणि सायलेन्सर झाकलेले आणि काम करणाऱ्याच्या तोंडाला मास्क असा देखावा असतो. प्रत्यक्षात संध्याकाळी पाच वाजता डिलिव्हरी असते आणि वॉशिंग झालेल्या मोटारीचा तळ अजून ठिबकत असतो. ओल्या पत्र्यावर डांबरी थर बसला म्हणजे गंजाला लागणारे पाणी लेपाच्या आतच, हक्काच्या जागी, बंदोबस्तात राहते. सायलेन्सरवर उडालेले शिंतोडे पहिल्या प्रवासात, बहुधा देवळाकडे जाताना, जळू लागतात, आणि त्या वासाचे श्रेय मोटारीच्या नवेपणाला दिले जाते. सर्वांत मोठा बळी मात्र निचऱ्याच्या भोकांचा जातो. दरवाज्याच्या काचेवरून ओघळणारे पाणी काचेच्या रबराजवळून दरवाज्याच्या पोकळीत उतरतेच, हे मोटार घडवणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून दरवाज्याच्या तळकडेला बारीक भोके ठेवलेली असतात. पायरीखालच्या पोकळ पेट्यांनाही तशीच भोके असतात. उत्साही कारागीर, कोठेही उघडी जागा राहू नये या प्रामाणिक हेतूने, ती सगळी लेपाने बुजवतो. त्यानंतरच्या पावसाळ्यात ब्रेक मारला की दरवाज्यात पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो, आणि मालक रेडिओचा आवाज वाढवतो. तळावर असा पहारा बसवलेला असताना आत, रबरी मॅटखालच्या गालिच्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातील सर्वांच्या छत्र्यांचे पाणी मुरत असते. मोटारीचे फ्लोअर पुष्कळदा वरून खाली सडते, आणि त्या दिशेने बंदोबस्त करणारे पॅकेज कोणी विकत नाही.

या बाबतीत पाश्चात्त्य जगही फार शहाणे निघाले असे नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे कुर्ट झीबार्ट या जर्मन कारागिराच्या नावाने १९५९ साली जो गंजरोधाचा व्यवसाय उभा राहिला, त्याची पद्धत अशी होती की मोटारीच्या पोकळ भागांना बाहेरून ड्रिलने भोके पाडायची, त्यांतून आत मेणासारखे द्रव्य फवारायचे आणि भोकांना प्लॅस्टिकची बुचे बसवायची. त्या काळच्या मोटारींना आतून काहीच संरक्षण नसल्यामुळे पद्धत उपयोगाची होती आणि ती जगभर पसरली. तरीही नव्या कोऱ्या मोटारीला गंजापासून वाचवण्यासाठी प्रथम तिला भोके पाडायची, आणि हे पाहण्यासाठी मालकाने पैसे मोजायचे, यात मानवी स्वभावातला जो विश्वास दिसतो तो थोर म्हणावा लागतो.

ज्यांना पॅकेज परवडत नाही त्यांचा लेप वेगळा असतो. इंजिनातून काढलेले जळके ऑइल पावसाळ्यापूर्वी ट्रक, टेम्पो आणि जीप यांच्या तळाला फवारण्याची प्रथा वॉशिंग सेंटरवर सर्रास दिसते. हे ऑइल पाणी दूर ठेवते हे खरे, पण त्यात ज्वलनातून आलेली आम्ले आणि धातूंचा चुरा असतो, रबरी बुश त्याने फुगून नरम पडतात आणि उरलेले ऑइल पहिल्या पावसात शेतात किंवा नाल्यात जाते. ही प्रथा कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. परंतु तिच्यामागचे निरीक्षण अचूक आहे, कारण जुन्या जीपचा जो भाग गळक्या इंजिनाखाली येतो तो कधीच सडत नाही, आणि ऑइल सील बदलून घेण्याचा सल्ला धुडकावताना चालक हा पुरावा आवर्जून दाखवतो. व्यावसायिक वाहनांत आणखी एक हंगामी लेप असतो, तो म्हणजे पासिंगचा: आरटीओकडे जाण्याच्या आदल्या दिवशी चॅसीला चमकदार काळा रंग मारला जातो, गंजाचे पापुद्रे न काढता, त्यांच्यासकट, आणि त्या एका दिवसापुरते सर्व वाहन तरुण होते.

लेप काढण्याचा प्रसंग सहसा तीन निमित्तांनी येतो: मोटार विकताना, पंधरा वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करताना, किंवा चालकाच्या टाचेखालून रस्ता दिसू लागल्यावर. मेणाचा लेप असेल तर रॉकेल किंवा टर्पेंटाइनने तो विरघळतो आणि कपड्यांवर जाऊन बसतो. डांबरी लेप आधी गरम हवेने मऊ करून पत्र्याच्या पट्टीने खरवडतात, मग रॉकेलच्या फडक्याने पुसतात, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उरलेला काढतात, आणि या तिन्ही पायऱ्यांत माणूस मोटारीखाली उताणा पडलेला असल्यामुळे निघालेला प्रत्येक तुकडा पृथ्वीकडे जाताना वाटेत त्याच्या चेहऱ्याला भेटतो. परदेशात यावर सुटसुटीत उपाय निघाला आहे, तो म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साईडच्या, उणे ७८ अंशांच्या, गोळ्यांचा मारा. थंडीने लेप ठिसूळ होऊन उडतो आणि गोळ्या हवेत विरून जातात, त्यामुळे साफ करायला फक्त लेपाचा कचरा उरतो. या मारक्या बर्फाचा दर ऐकला की मराठी माणूस स्क्रू-ड्रायव्हरकडे परत वळतो.

लावणाऱ्यापेक्षा काढणाऱ्याचे कष्ट मोठे, याचा अनुभव दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी घेतला होता. कॉस्मोलीन नावाचे तपकिरी, मेणचट पेट्रोलियमद्रव्य बंदुकांपासून यंत्रसामग्रीपर्यंत सर्वांवर थापून ती सागरापार धाडली जात असे. माल उत्तम टिकून पोहोचे, आणि मग तो वापरण्याजोगा करण्यासाठी शिपाई रॉकेल व गरम पाणी घेऊन बसत. पुढे समुद्रमार्गे जाणाऱ्या मोटारींनाही असेच मेण लावीत आणि बंदरावर ते धुऊन काढीत. आता त्याची जागा बऱ्याच अंशी पांढऱ्या चिकट फिल्मने घेतली आहे. भारतात वाहतुकीपुरते असलेले संरक्षण उतरवण्याचा टप्पा मात्र पुष्कळदा येतच नाही. सीटांवरचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे राहते, उन्हाळ्यात पाठीला चिकटते, प्रवासात चुरचुरते, आणि मोटार विकताना ‘सीटचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही’ हे वाक्य मोटारीच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र म्हणून उच्चारले जाते. ज्या सीटवर मालक एकदाही बसला नाही, त्या सीटवर बसण्याचे सुख तो दुसऱ्याला विकतो.

तळाच्या लेपाबाबत अडचण अधिक गंभीर असते. जाड रबरी लेप वरून अखंड, काळाभोर आणि विश्वासार्ह दिसतो, पण एखाद्या दगडाने त्याला कोठे बारीक चीर पडली असेल तर पाणी आत शिरते आणि लेपाच्या आडोशाने वर्षानुवर्षे पसरत राहते. अनुभवी फिटर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ तळावर ठोकत जातो; शाबूत पत्रा खणखणतो आणि सडलेला बसक्या आवाजात उत्तर देतो. काही ठिकाणी मूठ ठोकताच आत जाते, आणि तेव्हा ध्यानात येते की पत्रा कधीच संपला असून मधली काही वर्षे फ्लोअरचे काम लेप एकटाच पाहत होता. अशा मोटारीचा लेप पूर्ण काढणे म्हणजे मोटारच काढणे, हे फिटर “साहेब, हात लावू नका, आहे तसं चालू द्या” एवढ्या शब्दांत सांगतो. येथे मालकासमोर दोन मार्ग उभे राहतात: सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे, किंवा आहे त्यावर आणखी एक हात मारून घेणे. दुसऱ्या मार्गाला गर्दी अधिक असते. मधला मार्ग म्हणून गंजाचे रूपांतर करणारी द्रावणे मिळतात, ज्यांतील फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन हे द्रव्य गंजाशी संयोग पावून त्याचे काळसर, स्थिर संयुग बनवते; हे टॅनिन जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतल्या हिरड्यात भरपूर असते, आणि लोहक्षारांशी त्याचा संयोग करूनच पूर्वी काळी शाई तयार करीत. वरवरच्या गंजावर द्रावण चांगले चालते, पण पत्र्याच्या जागी जेथे भोक आहे तेथे रूपांतर करायला काही शिल्लक नसते.

खाऱ्या हवेत मोटार ठेवावी लागणाऱ्याने मेणाचा पातळ, स्वतःहून चीर भरून काढणारा लेप कोरड्या हवेत लावून घ्यावा, दर दोन-तीन वर्षांनी त्याची डागडुजी करावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तळ गोड्या पाण्याने धुवावा, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही; कारखान्याचा लेप शाबूत असलेल्या आणि घाटावर राहणाऱ्या मोटारीला बहुधा यातील धुण्याचीच गरज असते. वाचकांनी येत्या मे महिन्यात एवढे मात्र जरूर करावे: मोटारीचा दरवाजा उघडून खाली वाकावे, तळकडेची निचऱ्याची भोके बोटाने चाचपून शोधावीत आणि त्यांत साचलेली माती किंवा लेप एखाद्या लाकडी काडीने काढून टाकावा. या कामाला पाच मिनिटे लागतात, आणि ते पॅकेजमध्ये नसल्यामुळे त्यावर जीएसटीही लागत नाही.